महापालिकेचं बजेट आणि आपली बादली

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता आणि त्यातले दोन तास दुसरेच शिक्षक घेऊन जायचे. त्यामुळे इंग्रजी विभागासाठी लेख द्यायचा माझा विचार होता. पण विषय निघाला घरपट्टी आणि नळपट्टीचा. म्हटलं, हा विषय मराठीतच शोभतो. चुका पदरात घ्या.

झालं असं की, मागच्या वर्षी उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलला दोन दिवस पाणी नव्हतं. सकाळी साडेसहाला कॉरिडॉरमध्ये बादल्यांची रांग, खाली टँकर, आणि मेसमध्ये पोह्यांबरोबर एकच चर्चा : "ही महापालिका करते तरी काय?" मीसुद्धा तावातावाने बोलत होते. तेवढ्यात ऑफिसातले काका चहा घ्यायला आले. शांतपणे म्हणाले, "अगं, मोटार आपली जळाली. वाइंडिंगला टाकलीय. त्यात महापालिकेचा काय संबंध?"

सगळ्या गप्प. मग त्यांनीच पुढे विचारलं, "इंजिनिअर होणार ना तुम्ही? महापालिकेचं अंदाजपत्रक कधी उघडून बघितलं का?"

बघितलं नव्हतं. तोपर्यंत बजेट म्हणजे १ फेब्रुवारीला टीव्हीवर दाखवतात ते, एवढंच ज्ञान. मग हट्टाने नांदेड आणि लातूर या दोन शहरांबद्दल मिळेल ते वाचलं. दोन शहरं अशासाठी, की मी अकरावी-बारावी 'लातूर पॅटर्न'च्या कृपेने लातूरला काढली आणि आता तीन वर्षं नांदेडला आहे. दोन्ही ठिकाणी हॉस्टेलच. जे कळलं ते सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

दोन खिसे

अंदाजपत्रकातली मराठी वाचून पहिल्यांदा मला घाम फुटला. 'आरंभीची शिल्लक', 'मागणी व वसुली', 'शास्ती'. शास्ती म्हणजे कुणीतरी शास्त्री असावेत असं मला वाटलं होतं! शास्ती म्हणजे कर वेळेवर न भरल्याबद्दलचा दंड. मालमत्ता कर थकला की दर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के.

पण सगळ्यात महत्त्वाचे शब्द दोनच : महसुली आणि भांडवली. हे मला काकांनी हॉस्टेलवरूनच समजावलं. हॉस्टेलची नवी विंग बांधायची तर पैसा वरून येतो, अनुदान म्हणून. तो एकदाच येतो. हा भांडवली खर्च. पण त्या विंगचं लाइट बिल, झाडणाऱ्या मावशींचा पगार, जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग हे दर महिन्याचं आहे. ते तुमच्या-आमच्या हॉस्टेल फीमधून चालतं. हा महसुली खर्च. विंग बांधायला पैसा मिळाला पण मोटार दुरुस्त करायला नाही, तर विंग कितीही चकाचक असली तरी बादली रिकामीच राहणार.

शहराचंही तसंच आहे. दोन खिसे वेगळे, आणि एका खिशातला पैसा सहजासहजी दुसऱ्यात घालता येत नाही. पेपरमध्ये "इतक्या कोटींचं अंदाजपत्रक सादर" अशी हेडलाइन येते तेव्हा या दोन्ही खिशांची बेरीज करून एकच आकडा दिलेला असतो. त्यातला बराच भाग योजनांच्या अपेक्षित अनुदानाचा असतो. अनुदान आलंच नाही तर वर्षाअखेर तो आकडा निमूटपणे खाली येतो, आणि त्याची हेडलाइन होत नाही.

पैसा येतो कुठून?

पूर्वी महापालिकांचं मोठं उत्पन्न जकात होतं. शहराच्या नाक्यावर ट्रक थांबायचे, पावती फाटायची, रोज रोख पैसा जमा. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. तो ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर पूर्णच गेला. त्याबदल्यात राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला भरपाई देतं.

भरपाई मिळते हे चांगलंच. पण फरक लक्षात घ्या. पूर्वी शहराचा पैसा शहराच्या नाक्यावर जमायचा, आता मुंबईहून येतो. म्हणजे घरात कमावता माणूस होता त्याच्या जागी मनीऑर्डर आली. आपल्यासारख्या हॉस्टेलकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मनीऑर्डर चार दिवस लांबली की काय होतं ते महिनाअखेरीला आपल्याला चांगलं कळतं.

महापालिकेच्या स्वतःच्या हातात आज मुख्यतः उरलं काय? मालमत्ता कर म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क, आणि गाळ्यांचं भाडं. देशातल्या सगळ्या महापालिकांचं महसुली उत्पन्न एकत्र केलं तरी ते देशाच्या जीडीपीच्या एक टक्काही भरत नाही. आणि त्या पैशावर पाणी, कचरा, गटार, रस्त्यावरचे दिवे असं सगळं चालवायचं. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून लागू झाली) शहरांच्या यादीत अठरा कामं घातली. कामं दिली, पण कमाईची साधनं त्या मानाने दिली नाहीत, अशी तेव्हापासूनची तक्रार आहे.

नांदेड : बांधणं सोपं, चालवणं अवघड

नांदेड-वाघाळा महानगरपालिका २६ मार्च १९९७ ला झाली. गोदावरीच्या उत्तरेचं जुनं नांदेड आणि दक्षिणेचा सिडको-हडकोकडचा भाग एका कारभाराखाली आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत या शहराला एक अशी संधी मिळाली जी मराठवाड्यात दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. एवढं लांब नाव कोण घेणार, सगळे 'जेएनएनयूआरएम'च म्हणायचे. (तेही काही सोपं नाही म्हणा!) देशातली ६५ शहरं त्यात होती. महाराष्ट्रातली फक्त पाच : मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. चार मोठ्या भावंडांमध्ये एकदम धाकटं! कारण नांदेडचं धार्मिक महत्त्व. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेडला गुरू ग्रंथसाहिबला गुरुगादी दिली. त्याला २००८ मध्ये तीनशे वर्षं पूर्ण होत होती आणि जगभरातून भाविक येणार होते.

दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना या अभियानात फार उदार हिशोब होता. शंभर रुपयांच्या कामात ऐंशी रुपये केंद्राचे, दहा राज्याचे आणि दहाच महापालिकेचे. त्या दोन-तीन वर्षांत शहराचं रूप बदललं. रस्ते रुंद झाले, पाणी आणि मलनिस्सारणाची कामं निघाली, गरिबांसाठी घरकुलं बांधली गेली, विमानतळ नवा झाला. आपल्या सीनियर सरांना विचारा, 'गुरुता गद्दीच्या आधीचं नांदेड' आणि 'नंतरचं नांदेड' अशी कालगणनाच ते करतात.

आता इंजिनिअरचा प्रश्न. शंभरातले दहा रुपये घालून बांधलेली वस्तू चालवायला किती लागतात? उत्तर : शंभरातले शंभर. कारण देखभालीसाठी केंद्राचे ऐंशी टक्के नव्हते. ते शहराने स्वतः आणायचे होते. अभियानाच्या अटींमध्येच ते लिहिलं होतं. हिशोब द्विनोंदी पद्धतीने ठेवा, मालमत्ता कराची व्याप्ती आणि वसुली वाढवा, पाणी चालवायचा खर्च पाणीपट्टीतून काढा. बांधकामाचा पैसा दिसतो, त्याचं उद्घाटन होतं. अटी मात्र कागदावर असतात, त्यांना कुणी नारळ फोडत नाही.

एक छोटं गणित मांडते. समजा एखाद्या शहराला रोज पाच कोटी लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायचं आहे आणि पंपांची कार्यक्षमता ६५ टक्के आहे. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. रोज जवळजवळ २१,००० युनिट वीज लागते. सात रुपये युनिट धरले तर दिवसाला दीड लाखाच्या आसपास, वर्षाला सव्वापाच कोटींच्या वर. फक्त वीज! त्यात तुरटी, क्लोरीन, माणसं, फुटलेल्या पाइपलाइन हे धरलेलंच नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचंही तेच. ते बांधलं की नदी स्वच्छ होत नाही, ते रोज चाललं की होते. नाल्यांचं पाणी गोदावरीत मिसळण्याचा विषय नांदेडला वर्षानुवर्षं चर्चेत आहे. संध्याकाळी घाटावर जाऊन नदीकडे बघितलं की महसुली आणि भांडवली यातला फरक पुस्तकाशिवाय कळतो.

लातूर : साडेसहा लिटर

लातूरला नगरपालिकेची महानगरपालिका झाली २०११ मध्ये. त्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या घरात होती. महापालिका पाच वर्षांचीही झाली नव्हती आणि २०१६ चा उन्हाळा आला.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. माझी मावशी लातूरला राहते. तिच्याकडे न्हाणीघरात, जिन्याखाली, अगदी पलंगाखालीसुद्धा पाणी भरून ठेवलेलं असायचं. भांडी घासलेलं पाणी संडासासाठी वेगळं ठेवायचं, हे मी तिथे शिकले. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग १२ एप्रिल २०१६ ला मिरजहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 'जलदूत'. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. काही दिवसांनी पन्नास वाघिणी येऊ लागल्या, म्हणजे एका फेरीला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या.

ही बातमी सगळ्या देशाने बघितली. मी आता ती पुन्हा आकड्यांत बघते. पंचवीस लाख लिटर भागिले ३ लाख ८२ हजार माणसं. माणशी साडेसहा लिटर. आपली हॉस्टेलची बादली वीस लिटरची धरली तर एका माणसाला तिचा तिसरा हिस्सा. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा निकष आपण एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये पाठ करतो. त्या हिशोबाने लातूरला रोज पाच कोटी लिटरच्या वर पाणी हवं होतं. पन्नास वाघिणींची ती एवढी मोठी गाडी त्याच्या पाच टक्के होती.

याचा अर्थ रेल्वे निरुपयोगी होती असा नाही. ज्यांच्या घशाला कोरड पडली होती त्यांना ते साडेसहा लिटर अमृतच होतं. पण उरलेलं पाणी टँकर, बोअर आणि विकतच्या जारवर भागलं, आणि त्यासाठी लोकांनी खिशातून जे पैसे मोजले ते कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळही काढला. म्हणजे माणसं पैसे द्यायला तयार असतात. डोळ्यांसमोर काम दिसलं की देतात.

तो दुष्काळ निसर्गाचा होता हे खरं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धरण भरलं हेही खरं. पण धरणात पाणी आल्यावर ते नळाला पोचवायचं काम पुन्हा त्याच महसुली खिशाचं. वाटेत किती गळतं, किती जोडण्या नोंदीत नाहीत, मीटर आहे की नाही, याच्यावर सगळं ठरतं. पाऊस आपल्या हातात नाही, गळती आहे.

प्रगती मोजायची कशी?

आता कामाचं. कुठल्याही शहराचं अंदाजपत्रक हातात आलं तर एकूण आकडा बघू नका. त्यात तीन रकाने असतात : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. तिसऱ्या रकान्यात स्वप्न असतं, पहिल्या रकान्यात खरं काय घडलं ते असतं. मग चार प्रश्न विचारा.

१. घरपट्टीची मागणी किती होती आणि वसुली किती झाली? थकबाकी दरवर्षी वाढते की घटते?

२. पाणीपुरवठ्यावर खर्च किती आणि पाणीपट्टी जमा किती? मधला खड्डा कुठल्या पैशातून भरला?

३. भांडवली कामांसाठी धरलेल्या रकमेतली प्रत्यक्ष किती खर्च झाली?

४. लेखापरीक्षण झालेले हिशोब लोकांसमोर ठेवले का? १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानासाठी ही अटच घातली होती. शिवाय दहा लाखांच्या आतल्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवले होते.

हे आकडे गुप्त नसतात. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असतं.

आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या कायद्यात अंदाजपत्रकाचा प्रवास ठरलेला आहे. आयुक्त ते तयार करून सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरबदल करून सर्वसाधारण सभेपुढे नेते. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. म्हणजे एकाने मांडायचं आणि दुसऱ्यांनी प्रश्न विचारायचे. पण लातूरच्या सभागृहाची मुदत मे २०२२ मध्ये आणि नांदेडची ऑक्टोबर २०२२ मध्ये संपली, आणि निवडणुका झाल्या त्या थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली तीन अंदाजपत्रकं प्रशासकांच्या काळात झाली. मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. कारभार चांगला चालला असेल किंवा नसेल, तो मुद्दा वेगळा. पण पेपर ज्याने लिहिला त्यानेच तपासला तर मार्कांवर विश्वास कसा ठेवायचा? आता दोन्हीकडे निवडून आलेलं सभागृह आहे. प्रश्न विचारायचं काम पुन्हा सुरू व्हायला हरकत नाही.

आमची घरपट्टी

इथे लेख संपवायला हवा होता. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय संपवणं मला अप्रामाणिक वाटतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने घरी फोन केला. आमचं घर एका तालुक्याच्या गावी आहे, तिथे नगरपरिषद आहे. पप्पांना विचारलं, "आपली घरपट्टी भरलेली आहे ना?" पलीकडे शांतता. मग म्हणाले, "तीन वर्षांची राहिलीय. सगळेच थांबायलेत. शास्तीमाफी निघंल, मग एकदाच भरू."

मी त्यांना महसुली-भांडवली सगळं ऐकवलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझं सगळं बरोबर आहे गं. पण नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आन् मी टँकरला वेगळे पैसे मोजतो. ते कुठल्या रकान्यात लिहायलेत ते बी बघ की."

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पाणी येत नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत आणि पट्टी येत नाही म्हणून पाणी येत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी? त्यात दर काही वर्षांनी शास्ती माफ झाली की वेळेवर भरणारा माणूस वेडा ठरतो. पप्पा काही चोर नाहीत. टँकरवाल्याचे पैसे त्यांनी एकदाही बुडवले नाहीत. कारण टँकरवाला पैसे घेतो आणि समोर पाणी ओततो. शहराला हा विश्वास कमवायचा आहे, आणि तो उद्घाटनाच्या फलकातून मिळत नाही, पहिल्या रकान्यातून मिळतो.

आणि पप्पांना बोलणारी मी तरी कोण? २ डिसेंबर २०२५ ला आमच्या गावी नगरपरिषदेचं मतदान होतं. माझं आयुष्यातलं पहिलं मत. प्रॅक्टिकलच्या नावाखाली मी गेले नाही. जानेवारीत नांदेडला प्रचाराच्या रिक्षा हॉस्टेलसमोरून ओरडत गेल्या, पण इथे माझं नाव यादीत नाही. म्हणजे जिथे मत आहे तिथे मी राहत नाही, आणि जिथे राहते, पाणी वापरते, कचरा करते, तिथे मला मत नाही. आपण सगळे हॉस्टेलकर असेच चार-चार वर्षं कुणाचेच नसतो. पण उद्या यातल्याच कुणीतरी महापालिकेत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागायचं आहे आणि त्याच पाइपलाइनचं एस्टिमेट करायचं आहे. निदान वाचायला तरी आपण आत्ताच शिकू शकतो.

पप्पांनी गेल्या महिन्यात एका वर्षाची घरपट्टी भरली. पावतीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं : "आता पाणी विचारायचं काम तुझं." उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नगरपरिषदेत जाऊन अंदाजपत्रक मागणार आहे. पहिल्या रकान्यापासून वाचीन.

असो. मोटार दुरुस्त होऊन आली आहे. ती जपून वापरा, आणि नळ चालू ठेवून मोबाइलवर बोलू नका. एवढी एक पाणीपट्टी आपण रोज भरू शकतो.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी